दर खेपेला चारात एक

चैताली गावित यांना राग आला की त्यांचा आवाज खाली जातो. पंचवटीतल्या ज्या शाळेत त्या गणित शिकवतात, तिथल्या पोरांना हे पक्कं ठाऊक आहे. बाई ओरडल्या तर समजायचं, अजून फारसं बिघडलेलं नाही. बाई हळू बोलायला लागल्या की मागच्या बाकावरचेही सरळ बसतात.

त्यांचं मूळ गाव पेठच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतला एक पाडा. शिक्षण आश्रमशाळेत, मग नाशिकला बीएस्सी आणि बीएड. पाड्यावरच्या मुलींमध्ये पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या. कुणी त्याचं कौतुक करायला लागलं की त्या तोंड फिरवतात. एवढी वर्षं लोटली तरी पहिली मुलगी आपणच असावी, ही त्यांच्या मते गावानं आणि सरकारनं लाज बाळगावी अशी गोष्ट आहे. हार घालण्यासारखी नाही.

लग्न त्यांनी केलं नाही. इंदिरानगरात दोन खोल्या घेऊन त्या एकट्या राहतात. वडील रावजी वारल्यावर धाकट्या भावाला, मंगळूला, त्यांनीच गावाहून आणलं आणि नाशिकच्या द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात चिकटवून दिलं. मंगळूचं लग्न सुरगाण्याकडच्या हर्षालीशी झालं. मंगळू, हर्षाली आणि आई भागीबाई पंचवटीत भाड्याच्या घरात राहू लागले. शाळा सुटली की चैतालीबाईंचा चहा बहुतेक वेळा तिथेच व्हायचा.

दिवाळीची सुट्टी संपली की आठवीच्या वर्गाला त्या संभाव्यता शिकवतात. राज्याच्या पुस्तकात हा धडा पार दहावीत येतो. मुख्याध्यापक दरवर्षी म्हणतात, "बाई, जे परीक्षेत नाही त्यावर तास कशाला घालवता?" बाई दरवर्षी ऐकून घेतात आणि दरवर्षी शिकवतात. एका कापडी पिशवीत चार चिंचोके, त्यातला एक फरशीवर घासून पांढरा केलेला. न बघता एक काढायचा. पांढरा निघण्याची शक्यता किती? चारात एक, हे सगळेच सांगतात.

"आता पांढरा निघाला आणि मी तो खिशात घातला. पुढच्याच्या हाती पांढरा लागेल?"

"कसा लागेल बाई? पिशवीत आहेच कुठे."

"आणि मी तो परत पिशवीत टाकला तर?"

इथे वर्गात दोन तट पडतात. काही म्हणतात, एकदा निघाला, आता लगेच कसा निघेल. काही म्हणतात, का नाही निघणार. यंदा स्नेहा नावाच्या मुलीनं भांडण मिटवलं. ती म्हणाली, "पिशवीला काय माहीत, आधी काय निघालं ते?"

एवढंच कळायला हवं होतं. चिंचोका खिशात ठेवला तर दुसऱ्या वेळी काय होणार ते पहिल्या वेळेवर अवलंबून असतं. परत टाकला तर दुसरी खेप स्वतंत्र. मागे काय झालं याचा पुढच्यावर काडीचा परिणाम नाही. तेरा वर्षांच्या पोरांना तासाभरात समजणारी ही गोष्ट, आणि ती एका शिकल्यासवरल्या माणसानं उलटी सांगितली म्हणून चैतालीबाईंच्या घरात जे झालं, त्याचा राग त्यांच्या मनातून आजही गेलेला नाही.

मंगळूचा पहिला मुलगा सनी दीड वर्षाचा झाला तेव्हा त्याच्या हातापायांची बोटं एकाएकी सुजली. पोर उचलून घेतलं तरी किंचाळायचं, खाली ठेवलं तरी किंचाळायचं. डोळे हळदीसारखे पिवळे. भागीबाईंनी दृष्ट काढली, पाल्याचा लेप लावला. शेवटी सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा कळलं, सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडं आतून ठणकतात. मंगळू आणि हर्षालीचंही रक्त तपासलं. दोघांनाही स्वतःला काही त्रास नव्हता, पण दोघांच्याही रक्तात हा दोष अर्धा-अर्धा होता. अशा माणसाला वाहक म्हणतात. समुपदेशन करणाऱ्या ताईंपुढे त्या दिवशी बाहेरपर्यंत रांग लागली होती. त्यांनी सांगितलं, "दोघंही वाहक असले की मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक." आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

खोटं काही त्या बोलल्या नव्हत्या. पण मंगळूच्या डोक्यात ते "चारात एक" अर्धवट जाऊन बसलं.

सनी चार वर्षांचा झाला, औषधांनी जरा सावरला. भागीबाईंना दुसरं नातवंड हवं होतं. मंगळू द्वारकेजवळच्या एका खासगी डॉक्टरकडे गेला. डॉक्टर मोठा, दाराबाहेर चपलांचा ढीग. त्यानं फाइल चाळली आणि हसून सांगितलं, "चारात एक म्हणजे काय? चार मुलांत एक आजारी. तुमचं ते एक होऊन गेलं. आता पुढचे तीन चांगले. निश्चिंत राहा."

चैतालीबाईंना हे कळलं तेव्हा हर्षालीला पाचवा महिना लागला होता. भागीबाईंनी पेढा पुढे केला आणि मंगळूनं आनंदानं डॉक्टरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. बाईंच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"मंगळू, असं नसतं रे. आधीचं पोर आजारी आहे म्हणून हे सुटलं असं होत नाही. याचंही चारात एकच आहे."

"ताई, तो एमडी हाय. तुझं गणित शाळेत ठीक हाय, हे औषधपाण्याचं काम हाय."

"हे गणिताचंच काम आहे."

"चांगल्या दिवसांत कशाला अभद्र बोलतेस गं," भागीबाई म्हणाल्या. हर्षाली मान खाली घालून बसली होती. तिचा हात पोटावर होता. तिच्याकडे पाहून चैतालीबाई गप्प झाल्या.

मुलगी झाली. सहा महिन्यांची असताना तिचं रक्त तपासलं. तिलाही सिकलसेल.

दवाखान्यातल्या ताईंनी त्या दिवशी हळहळत विचारलं, "पहिल्या तीन महिन्यांत का नाही आलात? पोटात असतानाच तपासणी करता येते. आम्ही मुंबईला पाठवतो." मंगळू म्हणाला, गरज नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हर्षाली चैतालीबाईंना म्हणाली, "ताई, तेव्हा कळलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. हिला बघितल्यावर तर ते मनातसुद्धा आणवत नाही. पण विचार करायला तरी मिळालं असतं ना. तेवढंही मिळालं नाही मला."

यापुढे जे झालं ते आजारापेक्षा वाईट होतं. दुसऱ्या पोरालाही तेच निघालं म्हटल्यावर दोष द्यायला कोणी तरी हवं होतं, आणि घरात सगळ्यांत सोपं माणूस सून. भागीबाईंचे भाऊ खंडेराव गावाहून आले. पाड्यावर त्यांचा शब्द चालतो. त्यांनी निकाल दिला की पोरीच्या रक्तातच खोट आहे, तिच्या माहेरी लग्नाआधी एक पोर असंच गेलं होतं, हे लपवून ठेवलं गेलं. तिला माहेरी धाडा, मंगळूचं दुसरं बघू. मंगळू भिंतीला टेकून बसून राहिला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना चैतालीबाईंना निमाणी स्टँडवर हर्षाली दिसली. कडेवर तान्ही, हाताला धरलेला सनी, पायाशी एक पिशवी. सुरगाण्याच्या गाडीची वाट बघत होती.

"कुणी आणून सोडलं?"

"कुणी नाही. माझी मीच आले."

"मंगळू?"

"कामावर गेले."

चैतालीबाईंनी पिशवी उचलली, रिक्षा थांबवली आणि तिघांना इंदिरानगरला आपल्या घरी नेलं. त्या दिवशी शाळेत त्या इतक्या हळू आवाजात शिकवत होत्या की मुलांनी पंखा बंद केला.

संध्याकाळी त्या द्वारकेला त्या डॉक्टरकडे गेल्या. नंबर लावला, बसल्या, नंबर आल्यावर आत गेल्या. भावाचं नाव सांगितलं, काय सांगितलं होतं तेही सांगितलं.

डॉक्टर खुर्चीत मागे रेलला. "असं म्हटलं असेन तर धीर देण्यासाठी म्हटलं असेन."

"धीर नाही दिलात. चुकीची माहिती दिलीत. प्रत्येक मुलाची खेप वेगळी असते. पहिल्याला आजार झाला म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही. हे तुम्हाला माहीत नव्हतं की सांगायचा कंटाळा आला?"

"बाई, पेशंटला त्याच्या भाषेत सांगावं लागतं. तुमच्या लोकांना टक्केवारी वगैरे समजत नाही."

चैतालीबाईंचा आवाज आणखी खाली गेला. "माझे लोक आंब्याच्या पाटीत किती नासके निघतील ते पाटी उचलून सांगतात. त्यांना समजत नाही असं नाही, तुम्हाला समजावायचं नव्हतं. उद्या असंच दुसरं जोडपं आलं तर काय सांगाल?"

"बाहेर पेशंट थांबलेत," डॉक्टर म्हणाला आणि त्यानं घंटी वाजवली.

त्याला ना लाज वाटली, ना भीती. चैतालीबाईंनी पुढे रीतसर तक्रारही केली. तिचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. त्या संध्याकाळी मात्र त्या द्वारकेपासून इंदिरानगरपर्यंत पायी चालत गेल्या, कारण रिक्षात बसून राहणं त्यांना जमलं नसतं. चालताना त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टरपेक्षाही जास्त राग त्यांना मंगळूचा आला आहे. डॉक्टर परका होता.

त्या आठवड्यात त्यांनी आणखी एक काम केलं. स्वतःचं रक्त तपासून घेतलं.

रविवारी त्या हर्षालीला आणि दोन्ही मुलांना घेऊन पंचवटीच्या घरी आल्या. खंडेराव होतेच. हर्षालीला बघताच ते म्हणाले, "हिला परत कशाला आणलं? बोलणं झालंय आपलं."

"तुमचं झालं असेल मामा. माझं व्हायचंय." चैतालीबाईंनी दोन नाणी काढली. हर्षालीकडून काजळाची डबी मागून घेतली आणि दोन्ही नाण्यांच्या एकेका बाजूला काजळ फासलं. एक नाणं हर्षालीच्या हातात दिलं. दुसरं आईच्या हातात. "आई, हे मंगळूचं नाणं. हे हर्षालीचं. मूल होतं तेव्हा दोघांची नाणी एकदम उडतात. दोन्ही काजळावर पडली तर पोर आजारी. एकच पडलं तर पोर चांगलं, पण वाहक. दोन्ही स्वच्छ पडली तर काहीच नाही. उडवा."

"काय खेळ मांडलाय," खंडेराव पुटपुटले. पण भागीबाईंनी नाणं उडवलं. हर्षालीनंही. एक काजळ, एक स्वच्छ. पुन्हा. दोन्ही स्वच्छ. पुन्हा एक-एक. सनी जवळ येऊन बसला आणि घरंगळलेली नाणी शोधून देऊ लागला. असं करता करता दोन्ही काजळावर पडली.

"हा सनी," चैतालीबाई म्हणाल्या. "आता परत उडवा."

नाणी उडाली आणि पुन्हा दोन्ही काजळावर पडली.

भागीबाईंनी वर पाहिलं. "आत्ताच तर पडली व्हती."

"नाण्याला आठवण नसते आई. एकदा काजळावर पडलो म्हणून आता दुसरीकडे पडू, असं ते ठरवत नाही. दर खेपेला चारात एक. तिसरं झालं असतं तरी चारात एकच. कधी चारही पोरं चांगली निघतात, कधी दोन आजारी निघतात. डॉक्टरनं तुम्हाला असं सांगितलं, जणू पिशवीत एकच खराब बोर होतं आणि ते निघून गेलं. इथे पिशवीच नाही."

"पर नाणं तर हिचंच काळं ना," खंडेराव म्हणाले.

"आईच्या हातातलं बघा मामा. ते मंगळूचं आहे. एकट्या हर्षालीच्या काजळानं पोर आजारी पडतच नाही. दोन्ही लागतात. मंगळूचंही रक्त तपासलंय, त्याला ठाऊक आहे. दवाखान्यात त्याच्या तोंडावर सांगितलंय. सांग रे, सांगितलं की नाही?"

मंगळूनं मान हलवली.

"मग मामा बोलत होते तेव्हा तोंड का शिवलं होतंस?"

"ताई, मी डॉक्टरवर भरवसा ठेवला. माझी काय चूक?"

"डॉक्टरवर भरवसा ठेवलास, ती तुझी चूक नाही. बायको दोन लेकरं घेऊन एकटी स्टँडवर गेली आणि तू कामावर गेलास, ती आहे."

मग भागीबाईंनी हातातल्या नाण्याकडे बघत विचारलं, "मंग मंगळूत हे आलं कुठनं?"

"तुझ्याकडून, नाहीतर बाबांकडून. मी पण तपासून घेतलं. माझ्यातही आहे." चैतालीबाई खंडेरावांकडे वळल्या. "आता मला कोणत्या माहेरी धाडता मामा? माझं माहेर हेच."

खंडेराव उठले, चपला घातल्या. "शिकलेल्या बायांशी कोण बोलंल," म्हणाले आणि गेले. दारापर्यंत त्यांना सोडायला मंगळू गेला नाही. एवढं तरी त्यानं त्या दिवशी केलं.

हर्षाली मात्र लगेच राहायला तयार झाली नाही. ती उभ्या उभ्या म्हणाली, "मला ठेवून घ्यायचं की नाही याची चर्चा पुन्हा या घरात झाली, तर मी सुरगाण्याला जाणार नाही. इथेच नाशकात खोली घेईन आणि तुम्ही पोरांना भेटायला येत जा." लग्नाला सात वर्षं झाली होती, ती एवढं लांब वाक्य सासूसमोर पहिल्यांदाच बोलत होती. भागीबाईंनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. तोंडानं काही म्हटलं नाही. चैतालीबाईंना हे पुरेसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यांच्या मते तिची माफी मागायला हवी होती, नीट, समोर बसून. पण हर्षाली म्हणाली, "राहू द्या ताई. त्यांना नाही येत."

पंधरवड्यानं भागीबाई स्वतःच म्हणाल्या, माझं पण रगत बघा. त्या वाहक निघाल्या. दवाखान्यातल्या बाकावर त्या बराच वेळ पदर तोंडाला लावून बसल्या. "म्हंजी माझ्यातनंच," एवढंच म्हणाल्या. चैतालीबाईंनी सांगितलं की तुझ्यात तुझ्या आईबापांकडून आलं, त्यांच्यात त्यांच्या, यात गुन्हा कुणाचाच नाही; गुन्हा असला तर माहीत असून गप्प बसण्यात आहे. भागीबाईंनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

त्याच दिवशी चैतालीबाई समुपदेशन करणाऱ्या ताईंकडे गेल्या. भांडायला नव्हे. रांग किती असते ते त्यांनी पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगता ते बरोबर आहे, पण अपुरं आहे. 'चारात एक' म्हटलं की माणूस चार पोरं मोजतो. त्याच्याआधी 'दर खेपेला' एवढं जोडा." ताईंनी क्षणभर विचार केला. मग म्हणाल्या, "मॅडम, मलाही कुणी असं नीट सांगितलं नव्हतं. आम्हाला प्रशिक्षणात आकडा दिला, बस." यावर चैतालीबाईंना पुन्हा राग आला, पण तो ताईंवर नव्हता. पुढचे दोन शनिवार त्या शाळा सुटल्यावर तिथे गेल्या. ताईंनी टेबलावर काळी बाजू रंगवलेली दोन नाणी ठेवली, आणि आता आलेल्या प्रत्येक जोडप्याच्या हातात ती एकेक दिली जातात.

सनी यंदा दुसरीत गेला. त्याच्या बहिणीचं नाव तेजल ठेवलं. औषधं रोज, पाणी भरपूर, थंडीत कपड्यांवर कपडे. तरी पौषात एखाद दिवशी सनीचे गुडघे ठणकतात आणि घर जागं राहतं. मंगळू आता रजा टाकून स्वतः त्याला दवाखान्यात घेऊन जातो. द्वारकेजवळच्या त्या डॉक्टरच्या दाराबाहेर चपलांचा ढीग तेवढाच आहे.

गेल्या वैशाखात खंडेरावांच्या नातीची सोयरीक जमली. पाड्यावर मांडव नव्हता अजून, नुसती बोलणी होती. दोन्हीकडची माणसं बसली होती, चहा झाला, देण्याघेण्याचं ठरलं. बायकांमध्ये बसलेल्या भागीबाई एकाएकी मोठ्यानं म्हणाल्या, "पोराचं रगत तपासलं का? अन् पोरीचं?"

खंडेरावांचा चेहरा पडला. "भागी, हे काय बोलणं झालं? शुभ कामात?"

"शुभच हाय. दोघांत बी असंल तर लगीन मोडा असं नाय म्हनत मी. पर त्यांना ठावं तर पायजे. आमच्या घरात कुणाला ठावं नव्हतं, मंग सुनंला बोल लावला. मी लावला." पाहुण्यांकडचा एक म्हातारा उठायला लागला. कुणी तरी म्हणालं, म्हातारीला आत न्या.

भागीबाई हलल्या नाहीत. पदर कमरेला खोचून, मधोमध मांडी ठोकून त्या तिथेच बसून राहिल्या आणि नवऱ्यामुलाच्या आईला म्हणाल्या, "मी तुझ्याशी बोलते बाय. पुरुषांचं सोड. पेठच्या दवाखान्यात मंगळवारी तपासत्यात. मी येते संगं."